डाव्या मागल्या चाकाचा निरोप

रासबेरी पिकली की व्रेलो गावात माणसाला आजारी पडायला सवड नसते, आणि गाड्या मात्र नेमक्या तेव्हाच आजारी पडतात. जूनच्या अखेरीपासून तीन आठवडे सगळा डोंगर लाल होतो. सकाळी तोडलेलं फळ संध्याकाळच्या आत खाली अरिल्ये शहरातल्या शीतगृहात पोचलं नाही तर त्याचा लगदा होतो, आणि लगदा कोणी विकत घेत नाही. त्यामुळे या तीन आठवड्यांत मिलिसाव आणि रादेन्को या भावांच्या गॅरेजसमोर ट्रॅक्टर, पिकअप, ट्रक यांची अशी रांग लागते की गावच्या पाद्रीबाबांनासुद्धा आपली गाडी चर्चमागे लावून चालत यावं लागतं.

यंदा त्या गॅरेजात आणखी एक गोष्ट बंद पडली होती आणि ती कोणालाच सुरू करता येत नव्हती. दोघे भाऊ ईस्टरपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण म्हणाल तर लेथ. बापाचं जुनं लेथ मशीन थोरल्या मिलिसावने विकलं आणि त्या पैशातून नवा कॉम्प्रेसर आणला. धाकटा रादेन्को तेव्हा चार दिवस बहिणीच्या गावी गेला होता. परत आला तो गॅरेजच्या कोपऱ्यात लेथच्या चार पायांचे चार डाग तेवढे शिल्लक. त्याने त्या डागांकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि तोंडाला कुलूप घातलं. मिलिसाव तरी काय कमी? तूच बोलणार नाहीस तर माझं काय अडलंय, म्हणून त्यानेही घातलं. आमच्याकडे हट्ट हा वडिलोपार्जित जमिनीसारखा असतो. पीक काही येत नाही, पण कोणी सोडत नाही.

मग रादेन्कोने निरोप धाडला की गॅरेजच्या मधोमध भिंत घालू. मिलिसावने त्याच दुपारी विटा मागवल्या. त्या विटा आता अंगणात रचून ठेवलेल्या होत्या आणि गवंडी सोमवारी यायचा होता.

या सगळ्याच्या मधोमध उभी होती दोब्रिला, मिलिसावची बायको. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा रादेन्को शाळेत जात होता. त्याच्या फाटक्या चड्ड्या तिनेच शिवल्या होत्या. त्याने लग्न केलं नाही, त्यामुळे तो अजून तिच्याच टेबलावर जेवायचा. गॅरेजचा फोन, सुटे भाग, गिऱ्हाइकांची समजूत आणि दोघा भावांचं पोट, सगळं तिच्याकडे होतं. भिंत झाली की हे घर मोडलं, हे तिला विटा उतरल्या त्याच दिवशी कळलं होतं. पण तिचं ऐकतो कोण? तिचं काम बोलणं नव्हतंच. तिचं काम निरोप पोचवणं.

"दोब्रिला, त्याला सांग, सतरा नंबरचा पाना आणून ठेव जागेवर."

"रादेन्को, सतरा नंबरचा पाना."

"वहिनी, त्याला सांग, पाना त्याच्याच बुडाखाली आहे."

मिलिसाव उठून बघायचा. पाना खरंच बुडाखाली असायचा. तो काही बोलायचा नाही, कारण बोलायचं झालं तर पुन्हा दोब्रिलाला सांगावं लागणार.

जेवताना तर मीठसुद्धा तिच्यामार्फत फिरायचं. थोरल्याचा हात मिठाच्या वाटीपर्यंत पोचत असायचा, पण वाटी धाकट्यासमोर होती ना. मग दोब्रिला सूप सोडून उठायची. दिवसाला दोनशे निरोप तरी होत असतील. रात्री अंथरुणावर पडली की तिचा जबडा दुखायचा.

पेत्रोव्दानच्या दिवशी, म्हणजे संत पेतराच्या सणाला, खरं तर कोणी शेतात जायचं नसतं. पण रासबेरीला सण कळत नाही, आणि संतालाही ते एव्हाना ठाऊक झालं असावं. सकाळी नऊला विदोये आपला ट्रक घेऊन हजर झाला. गावच्या खरेदी केंद्रातला माल खाली शीतगृहात न्यायचं काम त्याचं. माणूस अघळपघळ, कायम आनंदात, आणि गाडीत अकॉर्डियनची गाणी इतक्या जोरात लावायचा की एका वळणावरून दुसऱ्या वळणावरच्या गाई उठून उभ्या राहायच्या.

"मागलं डावं चाक," तो खाली उडी मारत म्हणाला, "ब्रेक लावला की माझ्या सासूसारखं किंचाळतंय. चार वाजता माल भरायचाय दोब्रिला. चार टन. सणाच्या दिवशी मला मारू नका."

"सासू किंचाळते ती तुला बघून," दोब्रिला म्हणाली. "चाकाचं आम्ही बघतो."

ट्रक जॅकवर चढला, चाक उतरलं. ब्रेकचे लायनर झिजून पत्र्यासारखे झाले होते. मिलिसाव त्या कामाला बसला. ऊन डोक्यावर आलं, गॅरेजचा पत्रा तापला, घाम नाकाच्या शेंड्यावरून ब्रेकच्या ड्रमवर टपकायला लागला आणि तिथेच चर्र होऊन उडायला लागला. रादेन्को दोन हातांवर एका पिकअपखाली खड्ड्यात उतरला होता. खड्ड्यातून फक्त त्याची टोपी दिसत होती.

बापाने घालून दिलेला एक नियम या गॅरेजात होता. चाक चढवायचं एकाने, शेवटचं आवळायचं दुसऱ्याने. चढवणारा नट हाताने बसवतो आणि मोठ्याने सांगतो की चाक राहिलंय. मग दुसरा लांब पाइप घातलेला व्हील पाना घेऊन येतो, अंगाचं वजन टाकून एकेक नट पिळतो आणि मोठ्याने सांगतो की झालं. एकाच माणसाच्या डोळ्यांवर चाक सोडायचं नाही, असं बाप म्हणायचा. ईस्टरनंतर हा नियमही दोब्रिलाच्या तोंडातून चालत होता.

तीन वाजता लायनर बसले. मिलिसावने चाक चढवलं, दहा नट हाताने फिरवले, जॅक उतरवला आणि कंबर धरून उभा राहिला.

"दोब्रिला, त्याला सांग, डावं मागलं चाक राहिलंय."

"सांगते," ती म्हणाली आणि वळली.

तेवढ्यात फोन वाजला. खरेदी केंद्राचा साहेब स्तानिमिर. तो एरवीही फोनवर बोलायचा नाही, ओरडायचा.

"ट्रक कुठाय? चार टन फळ उन्हात आहे. क्रेटमधून रस गळायला लागलाय. माश्या आल्यात, तुमच्या गॅरेजसमोर गाड्यांची नसेल एवढी रांग माश्यांची लागलीय इथं!"

"येतोय साहेब, येतोय."

"कधी येतोय? नाताळला?"

त्याला शांत करेपर्यंत ओव्हनमधली भाकर करपल्याचा वास आला, आणि भाकर काढेपर्यंत आणखी एक ट्रॅक्टर दारात येऊन धूर सोडायला लागला. मिलिसाव त्या ट्रॅक्टरकडे गेला. रादेन्को खड्ड्यातच होता. विदोयेने डोकं आत घातलं.

"झालं का?"

दोब्रिलाने ट्रककडे बघितलं. चाक जागेवर, जॅक खाली. "झालं," ती म्हणाली.

साडेचारला ट्रक माल भरून गॅरेजसमोरून गेला. गाणी चालू होती. विदोयेने हॉर्न वाजवला, तिने हात केला. मग ती कॉफीचे कप विसळायला लागली. तिसरा कप हातात होता आणि एकाएकी ते वाक्य तिच्या जिभेवर आलं. *त्याला सांग, डावं मागलं चाक राहिलंय.* न पोचवलेलं, जसंच्या तसं, तोंडात विसरून राहिलेल्या बडीशेपेसारखं.

कप हातातून सुटला तो तिने बघितलाही नाही.

"रादेन्को!" ती धावत खड्ड्याशी आली. "विदोयेचं चाक तू आवळलंस का?"

टोपी वर झाली. "कुठलं चाक? मला कोणी सांगितलं?"

"मिलिसाव! तू आवळलंस का?"

"तुला सांगितलं की, त्याला सांग म्हणून."

ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून तिघांकडे बघत राहिला. खाली अरिल्येपर्यंत अठरा किलोमीटर, त्यातले अकरा नुसती वळणं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली मोराविका नदी. वर चार टन माल आणि हाताने फिरवलेले दहा नट.

दोब्रिलाने फोन लावला. वाजत राहिला. त्या गाण्यांच्या गोंगाटात विदोयेला स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल, फोन कुठला ऐकू यायला?

"गाडीत बसा," ती म्हणाली.

जुनी लाल गाडी तिच्याच हाताखालची होती, बाजाराला तीच न्यायची. मिलिसाव जॅक मांडीवर घेऊन पुढे बसला. रादेन्को दोन व्हील पाने आणि पाइप घेऊन मागे घुसला, पाइप खिडकीतून हातभर बाहेर. दोब्रिलाने गाडी अशी काढली की अंगणातल्या कोंबड्या विटांवर जाऊन बसल्या.

पहिल्या वळणावर टायर ओरडले. मिलिसावने दाराचं हँडल घट्ट धरलं.

"त्याला सांग," तो म्हणाला, "जास्तीचे नट घेतलेत का बघ."

दोब्रिलाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. पण नीटच आलं होतं.

"रादेन्को, नट घेतलेस का?"

"वहिनी, त्याला सांग, नट त्याच्या कपाटात असतात, आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात असते."

"दोब्रिला, त्याला सांग, पूर्वी कुलूप लागत नव्हतं. लावायची वेळ का आली ते स्वतःला विचार."

"वहिनी, त्याला सांग, लेथला कुलूप लावलं असतं तर बरं झालं असतं."

"गप्प बसा दोघं," ती म्हणाली आणि दुसरं वळण घेतलं. समोरून गवताची गाडी येत होती. गवताच्या दोन पेंढ्या खिडकीतून आत येऊन रादेन्कोच्या मांडीवर पडल्या. तो त्या झटकत राहिला. दोब्रिलाचा पाय ॲक्सिलरेटरवर घट्ट होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या अंगात काहीतरी उसळत होतं. अकरा आठवडे ती मिठाच्या वाट्या सरकवत होती. आज पहिल्यांदा ती दोघांना घेऊन कुठेतरी निघाली होती.

तिसऱ्या वळणापुढे रस्त्यावर काहीतरी चमकलं. तिने ब्रेक दाबला. रादेन्को उतरला, वाकला आणि परत येऊन हात पुढे केला. तळहातावर ट्रकच्या चाकाचा नट होता, उन्हात तापलेला.

"एक गेला," तो हलक्या आवाजात म्हणाला. हे तो कोणाला म्हणाला ते कोणालाच कळलं नाही.

पुढे पाणचक्कीचा फाटा आला. डावीकडे जुनी वाट, आलुबुखारांच्या बागांतून सरळ खाली उतरणारी. त्या वाटेने गेलं तर चार वळणं वाचतात.

"वहिनी, पाणचक्कीच्या वाटेनं घे. आपण ट्रकच्या पुढं निघू."

"दोब्रिला, त्याला सांग, त्या वाटेवर गेल्या साली मी सायलेन्सर तोडून घेतलाय."

"वहिनी, त्याला सांग, सायलेन्सर तुटला तर जोडता येतो. विदोये तुटला तर?"

"त्याला सांग, वाटेत अडकलो तर ना हे ना ते."

"मी आता वळणार आहे!" दोब्रिला ओरडली. "इकडं की तिकडं?"

दोघांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, नेहमीसारखं. निरोप तिने पोचवावा म्हणून. पण त्या घटकेला निरोप पोचवायला वेळच नव्हता, म्हणून तिने स्वतःच ठरवलं आणि स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

गाडी दगडांवरून उड्या मारत खाली सुटली. फांद्या टपावर बडवत होत्या, हिरवे आलुबुखार खिडकीतून आत टपकत होते. पाणचक्कीपाशी खालून खाडकन आवाज झाला आणि त्यानंतर गाडी रणगाड्यासारखी गरजायला लागली. सायलेन्सर गेला होता. मिलिसावने तोंड उघडलं, बायकोच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मिटलं.

वाट मोठ्या रस्त्याला लागली. दोब्रिलाने गाडी कडेला घुसवली आणि उतरली. रस्ता मोकळा होता. ट्रक पुढे निघून तर गेला नसेल? मग वरच्या वळणामागून अकॉर्डियन ऐकू आलं.

आयुष्यात तिला गाणं इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

ट्रक वळणावर आला. डावं मागलं चाक डुलत होतं, लग्नात चार ग्लास झालेल्या म्हाताऱ्यासारखं. तिने ॲप्रन सोडला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हातांनी फडकवायला लागली. विदोयेने तिला बघितलं. त्याला वाटलं, दोब्रिलाला सणाची चढलीय. तो खूष झाला, हॉर्न वाजवला आणि खिडकीतून टोपी हलवायला लागला.

"थांब!" ती ओरडत होती. "मेल्या, थांब!"

ती हलली नाही. ट्रक मोठा होत होत आला. मिलिसाव तिला ओढायला धावला, रादेन्को दुसऱ्या बाजूने धावला, आणि शेवटी विदोयेच्या डोक्यात काहीतरी उजेड पडला असावा. नव्या लायनरनी गच्च पकड घेतली. किंचाळणं नाही, काही नाही. ट्रक तिच्यापासून दोन हातांवर थांबला. रेडिएटरची धग तिच्या तोंडावर आली.

"काय झालं?" विदोये उतरला. "कोणी मेलं का?"

"अजून नाही," रादेन्को म्हणाला आणि त्याला मागे घेऊन गेला.

तीन नट गेले होते. राहिलेले सात बोटांनी फिरत होते. पुढच्याच वळणाला उतार सगळ्यात तीव्र होता आणि कठडा नव्हता. विदोयेने एक नट फिरवून बघितला, मग दुसरा. मग तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि हयातीत पहिल्यांदाच गप्प झाला.

भावांनी काम सुरू केलं. मिलिसावने जॅक लावला. एक नट सापडलेला होता, दोन हवे होते. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. मिलिसाव पुढच्या उजव्या चाकाशी गेला आणि तिथला एक नट काढला. रादेन्को तोवर पुढच्या डाव्याचा एक काढून परत येत होता. चाक दोन्ही बाजूंनी धरून त्यांनी सरळ बसवलं. थोरला नट फिरवी, धाकटा पाइप टाकून पिळी. शेवटी दोघेही एकाच पाइपवर लोंबकळले. मानेच्या शिरा फुगल्या, शर्ट पाठीला चिकटले. हातांचं भांडण कधी नव्हतंच.

मग मिलिसाव उठला, हात पुसले आणि म्हणाला, "दोब्रिला, त्याला सांग, चाक आवळायचं राहिलंय का, हे विचारायला काय झालं होतं?"

"वहिनी, त्याला सांग, मी दोन हातांवर होतो. मला सांगायला काय झालं होतं?"

दोब्रिलाने ॲप्रनची घडी केली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी विसरले, आणि वर झालं म्हणाले. हा माणूस नदीत गेला असता तर मी जन्मभर झोपले नसते. पण आता दोघांनी ऐका, कारण हा माझा स्वतःचा निरोप आहे, कोणाचा आणलेला नाही. आजपासून मी कोणाचं काही कोणाला सांगणार नाही. मीठसुद्धा नाही. सोमवारी भिंत घालायची तर घाला. पण भिंतीच्या या बाजूला मी नाही आणि त्या बाजूलाही नाही. शीतगृहात फळ निवडायला बायका हव्यात. मी तिथं जाईन. तिथं रासबेरी तरी एकमेकींशी नीट वागतात."

"दोब्रिला..." मिलिसाव म्हणाला.

"विदोये, चल. तुझा माल उकळतोय."

ती ट्रकच्या पायरीवर चढली आणि आत बसली. विदोये कधी नव्हे तो मुकाट्याने चढला. ट्रक सुटला. आरशात दोघे भाऊ दिसत होते, लाल गाडीच्या दोन बाजूंना एकेक, हात लोंबत सोडून.

दोन किलोमीटरपर्यंत विदोयेने गाणं लावलं नाही. मग त्याने हळूच विचारलं, "खरंच जाणार तू शीतगृहात?"

"खरंच," ती म्हणाली. बोलता बोलता तिने घाम पुसायला स्कर्टच्या खिशातून रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर लाल गाडीची किल्ली बाहेर आली.

ती किल्लीकडे बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. रादेन्को.

"वहिनी, किल्ली तुझ्याकडे आहे का?"

"आहे."

"मग आम्ही घरी कसं जायचं? गॅरेजात रांग लागलीय."

"तुम्ही दोघं मेकॅनिक आहात ना?"

"किल्लीशिवाय गाडी चालू करायची वायर त्याला ठाऊक आहे, मला नाही. त्याला सांग की..."

दोब्रिला गप्प बसली. तिने फोन कानाशी घट्ट धरला. तिकडे रादेन्कोही गप्प होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कुठेतरी बूट रस्त्यावर घासल्याचा आवाज. बराच वेळ गेला. विदोयेने विचारण्यासाठी तोंड उघडलं तर तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मग फोनमधून आवाज आला, तिच्यासाठी नसलेला, खाकरून, जड, गंजलेला नट सुटावा तसा.

"दादा. स्टिअरिंगखालची कुठली वायर रे?"

आणि मग लांबून मिलिसावचा आवाज.

"सरक तिकडं. दाखवतो."